तिसरा आग्रह

गोथेनबर्ग, ४ मे १९९८

आदरणीय तलअत आत्या,

हे पत्र कुणाचं म्हणून तुम्ही आधी खालची सही बघितली असेल. मी पेगाह, तुमच्या धाकट्या भावाची, जलीलची मुलगी. वय तेवीस. आपण कधी भेटलो नाही. तुमचा पत्ता मला बाबांच्या जुन्या शब्दकोशात सापडला, एका फोटोच्या मागे लिहिलेला. फोटोत एक बाई दारात उभी आहे आणि डोळे बारीक करून फोटो काढणाऱ्यावर ओरडते आहे. बाबांना विचारलं ही कोण, तर म्हणाले, "माझी बहीण. ती अशीच बघते." आणि झाडांना पाणी घालायला गेले. अवघड प्रश्न आला की आमच्याकडे झाडांना पाणी मिळतं. झाडं फार छान वाढली आहेत.

कामाचं लिहिते. मी जूनच्या अखेरीस इस्फहानला येतेय, निळ्या टाइल्स कापायला आणि रंगवायला शिकण्यासाठी. अडीच महिने राहीन. फारसी मला लिहिता-बोलता येतं, बाबांनी शिकवलं. पण तिथं माणसांत वागायचं कसं, ते नाही शिकवलं. एकच सल्ला दिला: "कुणी काही देऊ केलं तर नको म्हण." मी विचारलं, "आणि हवं असेल तर?" म्हणाले, "तरी नको म्हण."

एवढ्या शिदोरीवर माझं कसं निभावायचं? माझी आई इथलीच, स्वीडनची, तिला विचारून उपयोग नाही. म्हणून ओळखदेख नसताना तुम्हाला लिहिते आहे. उत्तर नाही दिलंत तरी राग नाही. पण द्या.

तुमची भाची,
पेगाह

*

यज्द, ५ खोरदाद (तुमच्याकडची २६ मे)

पेगाह, माझ्या डोळ्यांच्या प्रकाशा,

पहिलं म्हणजे मी ओरडत नव्हते. डोळ्यांवर ऊन येत होतं, आणि तुझ्या बापाला कॅमेरा धरता येत नव्हता. अर्धा तास उभं केलं होतं मला दारात.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग शेजारच्या मुनव्वरला वाचून दाखवलं, म्हणजे सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं असंच समज. रडले का, हे विचारू नकोस.

तर ऐक. तुझ्या बापाने तुला अर्धाच नियम सांगितला आणि उरलेला पोटात ठेवला. नको म्हणायचं, पण दोनदा. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. पहिल्यांदा विचारतात ती रीत, दुसऱ्यांदा विचारतात तो मोठेपणा, तिसऱ्यांदा विचारतात ते मनापासून. पहिल्याच हाकेला हात पुढे केलास तर हावरट ठरशील. तिसऱ्यांदाही मान हलवलीस तर म्हणतील, जलीलची पोरगी शिष्ट आहे हो. आणि आम्ही काही शिष्ट नाही, हट्टी आहोत. दोन्हीत फरक आहे.

बूट दारातच काढ. मोजे फाटके नकोत, इथल्या बायकांचं लक्ष आधी पायांकडे जातं. कुणाकडे पाठ करून बसावंच लागलं तर आधी माफी माग. ते म्हणतील, "फुलाला कुठं पाठ असते?" तेव्हा लाजून हसायचं, बोलायचं नाही. पाहुणी म्हणून ताटात शेवटचे दोन घास राहू दे. ताट चाटूनपुसून रिकामं केलंस तर पुन्हा भरतील, आणि तू फुटेपर्यंत भरत राहतील. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि चहा त्यावरून प्यायचा. कपात खडा टाकून ढवळत बसलीस तर कुणी काही बोलणार नाही, पण सगळे बघतील. आणि निरोप घेताना घाई करू नकोस. एकदा बैठकीत, एकदा दारात, एकदा गल्लीत. खरं बोलणं तर गल्लीतच होतं, तोवर सगळी नुसती तयारी असते.

आणखी एक, हे अधोरेखित करून ठेव: कुणाच्या घरातल्या वस्तूची तारीफ करायची नाही. केलीस की ती तुला देऊ करतात.

तुझ्या बापाबद्दल मी काही विचारत नाही. खातोपितो ना नीट? डोक्यावर केस आहेत का? विचारत नाहीये, आपलं सहज.

तुझी आत्या,
तलअत

*

इस्फहान, १२ तीर (३ जुलै)

प्रिय आत्या,

केस आहेत, पण मागच्या बाजूला. खातात नीट.

आत्या, माझ्या खोलीत एक कॅनरी पक्षी आहे.

मी वरच्या मजल्यावर खोली घेतली आहे, खाली घरमालकीण फखरी-खानूम राहतात. एकट्याच आहेत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावलं. मी सगळं बरोबर केलं. मोजे नवे होते. दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं. खडा दातांत धरला, निम्मा चहा हनुवटीवरून गेला, पण धरला. मग पिंजऱ्यातला पिवळा पक्षी गायला लागला, इतका सुंदर, की मी म्हटलं, "किती गोड आहे हा!"

त्या म्हणाल्या, "तुझाच समज. घेऊन जा." मी म्हटलं नको. "अगं घे, तुझ्यावरून ओवाळून टाकला." मी म्हटलं नको, नको. "माझी शपथ आहे, घे." आता ही तिसरी वेळ झाली ना, आत्या? मी घेतला! तारीफ करायची नाही हे मला पाठ होतं, पण ते फुलदाण्या आणि गालिच्यांसाठी असेल असं वाटलं. जिवंत प्राण्याला लागू होतं हे कुठं लिहिलं होतंत?

आता फखरी-खानूम दिवसातून तीनदा जिना चढून येतात, "काही हवं-नको" विचारायला. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, पिंजऱ्याकडे बघतात. काल डोळे पुसत उतरल्या. पक्ष्याने गाणं बंद केलंय. तो भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि अपराधी वाटून मीही भिंतीकडे तोंड करून बसते.

काय करू, लवकर सांगा. फोन नंबर असेल तर कळवा.

पेगाह

*

यज्द, २० तीर

अगं वेडे,

मुनव्वर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बाईचा जीव की प्राण उचलून आणलास की तू! तीनदाचा नियम खाण्यापिण्याला आणि राहण्याला. वस्तूला तिसऱ्यांदाच काय, तेराव्यांदाही हो म्हणायचं नसतं. बिचारीला वाटलं असेल ही आता थांबेल, मग थांबेल. तू थांबलीच नाहीस.

आता असं कर. परत घ्या, असं चुकूनही म्हणू नकोस, तिचा अपमान होईल. पिंजरा घेऊन खाली जा आणि म्हण, "हा तुमच्यावाचून झुरतोय. दाणा शिवत नाही, गात नाही. माझ्या डोळ्यांदेखत मेला तर मी काय तोंड दाखवू? माझ्यावर उपकार करा." ती दोनदा नको म्हणेल. दम धर. तिसऱ्यांदा विचार. बघ कशी घेते ते. सोबत बशीभर मिठाई ने, आणि तिने बशी परत दिली तर त्यात काहीतरी असेल, ते घे. रिकामी बशी इथं कुणी परत करत नाही.

फोन नाही माझ्याकडे. नकोच तो. तीनदा विचारेपर्यंत लाइन तुटते.

आणि तुझं शिक्षण संपलं की यज्दला ये. राहा माझ्याकडे. वरची खोली झाडून ठेवलीय. तशी ती नेहमीच झाडलेली असते.

तलअत

*

इस्फहान, ३० तीर

प्रिय आत्या,

जमलं! तिसऱ्या वेळेला फखरी-खानूमनी पिंजरा असा ओढला की माझं बोट अडकलं. तासाभरात पक्षी गायला लागला. बशीतून सुकी जर्दाळू आली. आता त्या मला "मुली" म्हणतात आणि मी त्यांच्या घरात छताकडे बघत बोलते, कशाची तारीफ व्हायला नको म्हणून. वर्गातही सगळे म्हणतात, ही तर आमच्याहून आमची झाली. सगळे नियम अगदी अंगात मुरलेत माझ्या.

यज्दला बोलावलंत, फार आभार, तुमच्या हाताला दुखू नये. पण कशाला, आत्या? तुम्हाला उगाच त्रास. मी आपली इथूनच परत जाईन.

पेगाह

*

यज्द, ११ मुर्दाद

पेगाह,

त्रास कसला त्यात. खोली रिकामी आहे, घरात मी एकटी. आलीस तर बरं वाटेल.

मुनव्वर म्हणते, तिकडची माणसं जे बोलतात तेच त्यांच्या मनात असतं. नको म्हणजे नकोच, उगाच मागे लागू नये, त्यांना ते आवडत नाही. तरी विचारते. येतेस का?

तलअत

*

इस्फहान, २० मुर्दाद

प्रिय आत्या,

नको, खरंच नको. तुम्ही म्हणालात यातच सगळं आलं. वरच्या खोलीला माझा सलाम सांगा!

पेगाह

*

इस्फहान, १२ शहरीवर

आत्या,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मी रोज खाली जाऊन टपालाच्या डब्यात हात घालते. फखरी-खानूमसुद्धा म्हणायला लागल्या, "तुझी आत्या बरी आहे ना?"

माझं शिक्षण येत्या गुरुवारी संपतंय. मी तुमच्या तिसऱ्या वेळेची वाट बघत होते! दोनदा नको म्हटलं ना मी, नियमाप्रमाणे? यज्दला यायचं म्हणून मी तुमच्यासाठी एक टाइल रंगवून ठेवलीय, ती कागदात गुंडाळून उशाशी आहे. आता तुम्ही विचारतच नाही, तर मी कशी येऊ?

शेवटी न राहवून बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. पक्ष्यावर हसले, खूप दिवसांनी असे हसताना ऐकलं. मग तुमची दोन पत्रं वाचून दाखवली आणि विचारलं, "आता मी काय करू?" मला वाटलं गेले झाडांकडे. पण नाही. म्हणाले, "ती तिसऱ्यांदा विचारत नाही. मलाही नव्हतं विचारलं. मी दारात बॅग घेऊन उभा होतो. दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा ती विचारेल म्हणून थांबलो, तर ती पाठ फिरवून आत निघून गेली. तिला मी नकोच होतो, पेगाह."

आत्या, हे खरं आहे का? सव्वीस वर्षं आमच्या घरी यज्दचं नाव निघालं की झाडांना पाणी मिळतंय. मला खरं सांगा. मी रागावणार नाही. म्हणजे थोडी रागावीन, पण खरं सांगा.

पेगाह

*

यज्द, १७ शहरीवर

पेगाह, माझे बाई,

तुझं पत्र वाचून मी उंबऱ्यावरच बसले. मुनव्वर धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

आधी तुझं निस्तरते. अगं, मला वाटलं तू तिकडची, तुझं नको म्हणजे नकोच. मी तुझी रीत पाळत बसले आणि तू माझी. दोघी एकमेकींचा मान राखता राखता उपाशी राहिलो की गं! तिसरं पत्र मी चारदा लिहायला घेतलं. दर वेळी मनात यायचं, म्हातारी लोचटपणा करते म्हणशील. आणि एकदा हात पोळलेला आहे माझा. तेच आता सांगते.

आमची आई जाऊन चाळीस दिवस झाले होते. आबान महिना होता, डाळिंबांचा. तुझा बाप चोवीस वर्षांचा, दारात, बॅग हातात. मी म्हटलं, "जलील, राहा." म्हणाला, "नको ताई, तुला कशाला माझा भार." मी म्हटलं, "राहा रे, घर खायला उठेल मला." म्हणाला, "नको, तिकडे नोकरी ठरलीय." तिसऱ्यांदा विचारायला मी तोंड उघडलं आणि आतून जळका वास आला. अंगणात चुलीवर डाळिंबाचा रस आटत होता, वर्षभराचा, सकाळपासून ढवळत होते मी. तळाला लागला होता. मी आत धावले. "थांब" म्हटलं तोंडाने की नुसतं मनात, ते आजपर्यंत मला आठवलेलं नाही. घाईघाईने पातेलं उतरवलं, हात भाजला. मग वाटलं, न जाणो जायचाच असला तर, म्हणून वाडगाभर पाणी घेतलं. प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी ओततो आम्ही, तो परत यावा म्हणून. बाहेर आले तर दार रिकामं. गल्ली रिकामी. मुनव्वर तिच्या दारात उभी, म्हणाली, "गेला तो." मी तरी पाणी ओतलं. ती म्हणाली, "आता कुणासाठी?"

मला वाटलं, त्याला राहायचंच नव्हतं. मी पाठ फिरवायचीच वाट बघत होता. दोन महिन्यांनी एक कार्ड आलं, त्यावर एकच शब्द, "पोचलो." मीही कळवलं, "बरं झालं." संपलं. तो हट्टी, मी त्याची मोठी बहीण. एका डाळिंबाच्या पातेल्यापायी, पेगाह. त्या वर्षी पुरता रससुद्धा मिळाला नाही मला.

तुझं पत्र आल्यापासून दोन दिवस रडले. मग हसायला आलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तो राहिला असता आणि गल्लीतलीच कुणीतरी गळ्यात बांधली असती मी त्याच्या, बहुतेक मुनव्वरची बहीण. मग तू कुठून आली असतीस? तेव्हा जळला रस ते काही अगदीच वाईट झालं नाही. हे तुझ्या बापाला सांगू नकोस, त्याला मी सांगीन.

आता नीट वाच. मुनव्वर समोर बसलीय, साक्षीदार आहे. तिसऱ्यांदा विचारते: ये. तुझी पावलं माझ्या डोळ्यांवर. आणि या वेळी नको म्हणालीस तर मी स्वतः बसने इस्फहानला येईन आणि फखरी-खानूमचा पक्षी घेऊन जाईन.

तलअत

*

यज्द, ६ मेहर

जलील,

हे पत्र तुझ्या मुलीच्या हाती देते आहे, टपालावर माझा विश्वास उरला नाही.

पंधरा दिवस राहिली. वरच्या खोलीत झोपली. गच्चीवरून खाली बघत मला विचारायची, "बाबा इथंच बसायचे का?" मी म्हणायची, हो, आणि अभ्यास सोडून कबुतरं मोजायचा. तिने निळी टाइल आणलीय, ती दाराच्या कडेला बसवून घेतली. जरा तिरकी बसलीय, पण मी कुणाला हात लावू देत नाही. चहा हनुवटीवरून सांडते, ते अगदी आपल्या आईवर गेलंय. पहिल्या दिवशी मुनव्वरच्या बांगड्यांकडे बघून "किती छा" एवढं म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मुनव्वर अजून सगळ्यांना सांगत फिरते.

उद्या ती निघेल. तिच्या मागे मी पाणी ओतणार आहे, चांगलं घागरभर.

त्या दिवशी मी पाठ फिरवली नव्हती रे. रस जळत होता. पोरीने सांगितलं असेलच तुला फोनवर, पण माझ्या तोंडून ऐक. रस जळत होता आणि मी तुला सोडून पातेल्याकडे धावले, एवढीच माझी चूक. हातावरचा डाग अजून आहे, आलास की दाखवीन.

आबानमध्ये डाळिंबं येतील. दोनदा विचारून झालंय. मधे सव्वीस वर्षं गेली, ती मोजू नकोस. तिसऱ्यांदा विचारते.

जलील, राहा.

तुझी ताई

*

गोथेनबर्ग, १७ ऑक्टोबर १९९८

तलअतताई,

तुझं पत्र पेगाहने विमानतळावरच हातात दिलं. मी गाडीत वाचलं. घरी येऊन झाडांना पाणी घातलं. मग बायको म्हणाली, जलील, तू दुसऱ्यांदा घालतोयस. मग तिकीट काढलं.

त्या दिवशी मी गल्लीच्या वळणावर उभा होतो. जळका वास मलाही आला होता. सव्वीस वर्षं तो वास मला आठवत होता, पण तू आत कशाला गेलीस हे त्याच्याशी कधी जुळवलंच नाही. माझ्यासारखा गाढव मीच. पाच मिनिटं थांबलो असतो तर तू वाडगा घेऊन आलेली दिसली असतीस. पण मी वळणावर क्षणभरच थांबलो.

पेगाह मला रोज शिकवणी देते. म्हणते, बाबा, बूट दारातच काढायचे, मोजे नवे घ्या, मुनव्वर-खानूमच्या बांगड्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि आत्याने विचारलं की आधी दोनदा नको म्हणायचं. बाकीचं सगळं करीन. ते शेवटचं तेवढं मला जमणार नाही. माझा कोटा संपला.

दहा आबानला सकाळी पोचतो. दोन महिने राहीन, बायकोने सुट्टी मंजूर केलीय, नाताळाला ती आणि पेगाह येतील.

डाळिंबं आणून ठेव, पण चूल मी आल्याशिवाय पेटवू नकोस. रस या वेळी मी ढवळतो. तू दारात थांब.

जलील